चौगुले टीचरांचा हेवा

आमच्या शाळेत सगळे शिक्षक रोज बरोबर दहाला येत. साडेदहाला आलेलेही दहालाच येत. मस्टरवर सहीपुढं वेळेचा रकाना होता आणि त्यात 'दहा' लिहायचं, हे नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी हळूच सांगे. मला सांगितलं होतं, तसं कुमुद चौगुलेंनाही सांगितलं असणार. पण रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सहीपुढं लिहिलं, १०.०७.

त्यांच्यानंतर अजून अकरा सह्या व्हायच्या होत्या. आता १०.०७ च्या खाली दहा कसं लिहिणार? चित्रकलेच्या सरांनी १०.०८ लिहिलं. मग एकेक मिनिट पुढं सरकत पीटीचे सर, जे त्या दिवशी पावणेअकराला आले होते, १०.१८ वर येऊन थांबले. हेडसरांनी चौगुले टीचरांना बोलावून घेतलं. मी तिथंच वह्या तपासत बसले होते.

"टीचर, सात मिनिटांचं एवढं काय मनावर घेता?"

"मनावर कुठं घेतलंय सर? बस चुकली, मग दुसरी धरली. उद्या लवकर निघते की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ९.५२ लिहिलं. हेडसर हसले. मला हसू आलं नाही. त्या रकान्यात मी सोळा वर्षं 'दहा' लिहीत आले होते, आणि सही करताना आता माझा हात अडखळू लागला होता. मला त्या बाईचा राग आला. रागच म्हणते, कारण त्याला हेवा म्हणायचं धाडस अंगात यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

उंच, सावळी, मोठ्या हातांची बाई. माहेर खानापूरकडच्या एका खेड्यातलं, शेतकऱ्याचं. सासर इथं निपाणीत, तंबाखूच्या वखारीवाल्यांचं. मूलबाळ नव्हतं, आणि कुणी विचारलं तर "न्हाय झालं" एवढंच सांगून त्या पुढचं बोलू लागत, त्यामुळं विचारणाऱ्यालाच कानकोंडं व्हायला होई. आम्ही मूळच्या शहरातल्या घरातल्या बायका स्टाफरूममध्ये पुस्तकातलं बोलत असू. त्या मात्र "लई भूक लागली बघा" म्हणून डबा उघडत आणि शेंगाच्या चटणीचा वास खोलीभर पसरे. हसणं इतकं मोठं की शेजारच्या वर्गातली मुलं कारण ठाऊक नसताना हसत. तालुक्याच्या शिक्षकांच्या थ्रोबॉल सामन्यात त्या आमच्या कप्तान. एकदा पंचानं आमच्या बाजूनं दिलेला पॉइंट त्यांनी हात वर करून परत केला होता. "माझ्या बोटाला लागून गेला चेंडू," म्हणाल्या. आम्ही तो सामना हरलो. येताना बसमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपून गेल्या.

गणित शिकवायच्या. मीही गणितच शिकवते. माझं फळ्यावरचं अक्षर सुंदर आहे, हे मला लहानपणापासून लोक सांगत आलेत. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं. गणित सोडवताना मधेच चुकल्या तर त्या डस्टर घेत नसत. चुकलेल्या पायरीवर आडवी रेघ ओढत आणि मुलांना सांगत, "इथं मी घसरले. का घसरले, कोण सांगतंय?" मग सगळा वर्ग त्यांची चूक शोधायला धावे. मी रात्री घरी प्रत्येक गणित दोनदा सोडवून नेत असे, कारण मुलांसमोर चुकायची मला भीती वाटे. माझी मुलगी दहावीत 'ब' तुकडीत, म्हणजे माझ्याकडं आली, तेव्हा तिनं 'अ' तुकडी मागितली. मी कारण विचारलं.

"आई, तू शिकवलेलं बरोबर असतं गं," ती म्हणाली. "पण चौगुले टीचर शिकवतात तेव्हा आपल्याला येईल असं वाटतं."

ती सहज बोलून गेली. मी त्या दिवशी जेवले नाही.

तर अशा बाईंवर तो प्रसंग आला.

नवरा-बायको संकेश्वरहून नात्यातलं बारसं आटपून येत होते. संध्याकाळची वेळ, अजून उजेड होता. गाडी विजय चौगुले, म्हणजे त्यांचे पती चालवत होते. फोन वाजला, तो घ्यायला ते वाकले, आणि कडेनं सायकलवरून चाललेला एक माणूस उडाला. साखर कारखान्यातला कामगार, पाळी संपवून घरी निघालेला. टीचर खाली उतरल्या, त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसल्या. ॲम्ब्युलन्स आली, त्याच्याबरोबर त्या दवाखान्यात गेल्या. माणूस वाटेतच गेला. दवाखान्यात त्याची बायको आली. रडण्याआधी तिनं टीचरांना एकच गोष्ट विचारली.

"गाडी कोण चालवत हुतं?"

"आमचे यजमान," टीचर म्हणाल्या.

तेवढ्या वेळात तिकडं त्यांच्या थोरल्या दिरांनी वेगळंच ठरवलं होतं. गाडी त्यांच्या नावावर होती. घरचा ड्रायव्हर शंकर, जो त्या दिवशी तापानं घरी पडून होता, त्याला त्यांनी पोलीस ठाण्यात उभा केला. गाडी मीच चालवत होतो, असं त्यानं लिहून दिलं. सगळं जमून गेलं होतं. राहिला होता फक्त टीचरांचा जबाब, आणि तो काय असणार याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. बायको नवऱ्याविरुद्ध थोडीच बोलणार.

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात गेल्या आणि घडलं तसं सांगून आल्या.

निपाणी लहान गाव. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर ते पोहोचलं. आमच्या संस्थेचे चेअरमन त्यांच्या दिरांचे मित्र. त्यांनी हेडसरांना सांगितलं, हेडसरांनी मला. "तुम्ही वयानं मोठ्या, त्यांच्याच विषयाच्या. जरा समजावून बघा. कोर्टात शब्द फिरवता येतो." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं होतं, आज त्या मोडलेल्या दिसतील. खरं सांगायचं तर मी ते बघायला गेले होते.

तोवर सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. बस स्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहिल्या होत्या. मी गेले तेव्हा स्टोव्हवर शेंगा भाजत बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मला चटईवर बसवलं, हातावर चार शेंगा ठेवल्या.

मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं बोलले. गेलेला माणूस आता परत येणार नाही. विजयभाऊ काही गुन्हेगार नव्हेत. शंकरला घरचे सांभाळतील. तुमचा संसार आहे. त्या शेंगा हलवत ऐकत राहिल्या.

"नलिनी टीचर, तुमाला वाटतंय का मला हे सोपं जातंय?"

मला तसंच वाटत होतं.

"ह्यांचं तोंड डोळ्यांपुढनं हलत न्हाय. ह्यांनी मला कधी 'अगं' सोडून 'ए' म्हटलेलं न्हाय, लग्नाला बावीस वर्सं झाली." त्यांनी कढई खाली उतरवली. "पण त्या बाईनं मला विचारलं, आणि मी तिला सांगून बसले. आता उद्या ती कोर्टात बसणार, आणि मी तिच्यासमोर शंकरचं नाव घेणार. मग मी कोण राहिले? शाळेत कुठल्या तोंडानं उभी राहू? ह्यांच्या शेजारी तरी कशी झोपू?"

"नवऱ्याला तुरुंगात घालून तरी कशी झोपाल?" मी विचारलं. हे वाक्य मी मुद्दाम टोचायला बोलले होते.

त्यांनी भाजलेल्या शेंगा कागदावर ओतल्या. मग म्हणाल्या, "ते मला अजून कळलेलं न्हाय."

मी उठले. जाताना त्यांनी शेंगाची पुडी माझ्या हातात दिली. मी ती घरी नेली नाही, वाटेत एका दुकानाच्या कट्ट्यावर ठेवून दिली.

जून उजाडला आणि टीचरांची दहावी काढून घेतली. "पालकांची तक्रार आहे," एवढंच सांगण्यात आलं. त्यांना पाचवी-सहावी दिली आणि दहावीच्या दोन्ही तुकड्या माझ्याकडं आल्या. मी नको म्हणू शकले असते. निदान, का, असं विचारू शकले असते. मी टाइमटेबल दोनदा वाचलं आणि सही केली. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या. सगळ्यात आधी माझी झाली. त्या मात्र पूर्वीसारखाच डबा उघडत, "लई भूक लागली बघा" म्हणत. ऐकणारं कुणी नसलं तरी म्हणत. मधल्या सुट्टीत दहावीची मुलं वह्या घेऊन पाचवीच्या वर्गाबाहेर उभी असत. हेडसरांनी एकदा त्यांना हाकललं, तेव्हा टीचरांनीच मुलांना सांगितलं, "नलिनी टीचरांचं पक्कं असतंय. त्यांना विचारा. त्यांच्याकडं चुका कमी हुतात." मुलं माझ्याकडं आली. मी त्यांना शिकवलं, आणि सारा वेळ मनात म्हणत होते, हिनं पाठवली म्हणून आलीत.

विजय चौगुलेंवरचा खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले. कुणाला सांगितलं नाही. जबाब एकदा देणं वेगळं आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत पिंजऱ्यात उभं राहणं वेगळं. आज बाई फिरणार, असं मला आतून वाटत होतं. गेले तर आवारातल्या नळाशी चौगुले टीचर वाकून ओकत होत्या. शेजारी कुणी नव्हतं. मी दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. त्यांनी तोंड धुतलं, पदरानं पुसलं, केस सारखे केले आणि आत गेल्या.

मला वाटत आलं होतं की खरं बोलणं हा त्यांचा अंगचा गुण आहे, माझं अक्षर जसं. देणगीच ती, त्यात त्यांचं काय मोठेपण? त्या नळापाशी माझं ते समाधानही गेलं. त्या माझ्याइतक्याच घाबरत होत्या.

आमचं गाव कर्नाटकात, कोर्टाचं काम कन्नडमध्ये. आत सरकारी वकिलांनी कन्नडमध्ये विचारलं, गाडी कोण चालवत होतं? टीचर कन्नडमध्येच म्हणाल्या, यजमान. विजय चौगुलेंचे वकील ताडकन उठले. कन्नडमध्ये यजमान म्हणजे नवराही आणि यजमान म्हणजे मालकही. गाडीचे मालक तर मोठे दीर. साक्षीदाराला नेमकं कोण म्हणायचंय? हा गोंधळ त्यांच्या फायद्याचा होता. मला वाटतं टीचरांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. तिथं नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. खोटं न बोलता सुटायची एक वाट आपोआप उघडली होती, आणि मी असते तर त्या वाटेनं निघून आले असते, आणि जन्मभर सांगत राहिले असते की मी खोटं बोलले नाही.

न्यायाधीश म्हणाले, नाव सांगा.

टीचरांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह झाला तरी हसून टाळत. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि समोर बसलेल्या आपल्या माणसाकडं बघत, चोरून नव्हे, सरळ बघत म्हणाल्या, "विजय. विजय बाळासाहेब चौगुले. माझे पती."

विजय चौगुले खाली मान घालून बसले होते. नाव ऐकून त्यांनी वर पाहिलं.

दीड वर्षाची शिक्षा झाली. दिरांनी अपिलाची कागदं तयार केली होती, त्यांवर विजय चौगुलेंनी सही केली नाही. का केली नाही, यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. बायकोवर राग म्हणून, असंच बहुतेकांचं मत पडलं. माझंही.

त्यांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात नेलं. टीचर दर दुसऱ्या शनिवारी भेटीला जाऊ लागल्या. शाळा अर्धाच दिवस असे, पण निपाणीहून तिथं पोहोचायचं तर सकाळीच निघावं लागे, म्हणून रजेचा अर्ज. त्यात 'घरगुती कारणास्तव' असं आम्ही सगळे लिहितो. त्या लिहीत, 'पतीस भेटण्यासाठी हिंडलगा जेलला जाणे आहे.' कारकून तो कागद चिमटीत धरून हेडसरांकडं नेई.

माझी धाकटी बहीण हिंडलग्याला राहते. एका शनिवारी मी रजा टाकून तिच्याकडं निघाले होते आणि बसमध्ये शेजारची जागा टीचरांची निघाली. उठून जाता येईना. बऱ्याच वेळानं त्यांनीच सांगितलं, की विजय चौगुले भेटायला बाहेर येतच नाहीत. त्या नाव देतात, बसून राहतात, आतून 'नको म्हणतात' असा निरोप येतो, आणि त्या परतीची बस धरतात. असे सात शनिवार झाले होते.

"मग जाता कशाला?" मी विचारलं.

"मी जाते. यायचं का न्हाय ते त्यांनी ठरवावं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कधी कधी वाटतं टीचर, बोलायला नको हुतं. चुकलंच माझं."

हे ऐकून मला आनंद झाला. लपवत नाही. इतक्या वर्षांनी ती बाई एकदा तरी माझ्यासारखी झाली होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, म्हटलं, "होतं असं माणसाच्या हातून." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पण परत विचारलं असतं तर परत तेच सांगितलं असतं. हेच तर मला कळत न्हाय." मी हात काढून घेतला.

त्या दिवशी मी बहिणीकडं न जाता त्यांच्याबरोबर थांबले. चांगुलपणानं नव्हे. निरोप 'नको' असाच येणार होता, आणि तो येताना मला बघायचा होता. भेटीच्या शेडमध्ये बाकावर बसलो. तासाभरानं त्यांचं नाव पुकारलं. जाळीपलीकडं विजय चौगुले उभे होते. दाढी पांढरी झाली होती. टीचर उठल्या, जाळीपाशी गेल्या. मी लांब होते, पण आवाज येत होता.

विजय चौगुलेंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ते म्हणाले, "किती वाळलीस गं तू."

"तुमी का येत न्हवता?"

"लाज वाटायची." ते थांबले. "कुमे, दादा म्हणाला शंकरला उभा करतो, तवा मला बरं वाटलं हुतं. सुटलो असं वाटलं. तू कोर्टात माझं नाव घेतलंस आन मला कळलं, मी सुटलेलो न्हवतो. म्हणून त्या कागदावर सही न्हाय केली."

टीचरांनी जाळीवर कपाळ टेकलं. ते पलीकडून काही बोलत राहिले, पुढचं मला ऐकू आलं नाही. माझे यजमान सज्जन आहेत. तीस वर्षांत आमचं एकदाही मोठ्यानं भांडण झालेलं नाही. ते दुपारी कुठं जातात हे मी विचारत नाही आणि मी माहेरी काय सांगते ते ते विचारत नाहीत. त्या शेडमध्ये बसून मला एका कैद्याच्या बायकोचा इतका हेवा वाटला की तिथं बसवेना. मी त्यांना न सांगता निघून आले.

पुढं हेडसर निवृत्त झाले. सेवाज्येष्ठता माझी होतीच, त्यामुळं मी हेडमिस्ट्रेस झाले. चौगुले टीचरांची दहावी त्यांना परत देणं आता माझ्या हातात होतं. चेअरमन तेच होते. मी पहिल्या वर्षी दिली नाही, दुसऱ्या वर्षी देऊ म्हटलं, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. विजय चौगुले सुटून आले होते, आणि दोघांनी बेळगावजवळ मच्छ्याला बिऱ्हाड केलं. विजय चौगुलेंना तिथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपरचं काम मिळालं. टीचर घरी शिकवण्या घेऊ लागल्या. निरोपसमारंभात मी त्यांच्याबद्दल दहा मिनिटं फार छान बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही वाजवल्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, गेल्या हिवाळ्यात. बेळगावहून परत येताना माझी बस संकेश्वरला थांबली होती. खिडकीतून पाहिलं तर स्टँडसमोर एक स्कूटी येऊन उभी राहिली. चालवत होत्या चौगुले टीचर. पन्नाशीनंतर शिकल्या असणार. मागं विजय चौगुले, मांडीवर पिशवी घेऊन. त्या अपघातानंतर त्यांनी कुठलंच वाहन हातात घेतलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. टीचरांनी मला ओळखलं आणि रस्त्यातूनच हाक मारली.

"नलिनी टीचर! अवो उतरा की! त्या सायकलवाल्या भाऊंच्या घरला चाललोय, त्यांची पोरगी गणितात अडकली. आधी च्या घेऊ समद्यांनी!"

बसमधले लोक माझ्याकडं बघू लागले. ड्रायव्हर केव्हाच उतरून हॉटेलात गेला होता. बराच वेळ होता.

"नाही हो," मी म्हटलं, "शाळेत मीटिंग आहे. आत्ता सुटेल बस."

रविवार होता. कसली मीटिंग. पण त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. चेहऱ्यावर खरोखरीची हळहळ आली. "व्हय, हेडमिस्ट्रेसला कुठली सुट्टी," असं नवऱ्याला सांगितलं, मला हात केला, आणि दोघं समोरच्या टपरीकडं गेली.

बस आणखी वीस मिनिटं हलली नाही. मी पडदा ओढून घेतला नाही, कारण खिडकीला पडदा नव्हता. समोर ती दोघं बाकावर बसून चहा पीत होती. विजय चौगुले काहीतरी सांगत होते आणि टीचर मोठ्यानं हसत होत्या. मधेच त्यांनी मान वळवून बसकडं पाहिलं, बस अजून तिथंच आहे हे पाहिलं, आणि माझी मीटिंग चुकणार म्हणून कपाळावर हात मारून घेतला.